निव्वळ वजन

डिस्क आणली त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून,
बांगडे आणावेत तशी.
माजीक. खाणीच्या वजनकाट्यावर एकवीस वर्षं कारकून.
सोबत मेलेलं यंत्रही होतं, त्याचा पंखा
तांबड्या धुळीने सारवलेला.
ब्रशने झाडला तर टेबलावर
शिरगावची चिमूटभर टेकडी.

पुंडलीक घाडीच्या बायकोला खेपांचा हिशेब हवाय,
कुठल्याशा अर्जाला जोडायला.
हिशेब ज्या प्रोग्रॅमात, तो जुन्या विंडोजशिवाय
डोळा उघडत नाही.
आणि ते विंडोज चालेल असं यंत्र आता
डिचोलीत नाही, म्हापशातही नाही.

म्हटलं, शोधू नका. याच लॅपटॉपच्या पोटात
एक खोटं यंत्र मांडते.
आठ जीबीतला अर्धा जीबी त्याला तोडून दिला,
तेवढ्यात त्याची चैन.
खोटी डिस्क, खोटा पडदा,
प्रिंटरचं ते रुंद पोर्टही आहे म्हणून सांगितलं,
त्याने विश्वास ठेवला.
इंटरनेट मात्र दिलं नाही. बाहेरचा वारा
या वयात सोसला नसता.

माझ्या लिनक्सच्या मधोमध
हातरुमालाएवढी खिडकी उघडली,
तिच्यात हिरवी टेकडी, निळं आभाळ.
'ही टेकडी कोणी खणली नाही,' माजीक म्हणाले.
मग जरा वेळाने,
'म्हणजे अवसर येतो तसं गो बाय?
अंग एकाचं, बोलतो दुसराच?'
तसंच. फक्त हा कौल देत नाही.
आणि इथे अंगाला सगळं ठाऊक असतं.
पाहुण्यालाच कळत नाही, आपण कुणाच्या अंगात आलोय.

लायसन्स संपलेलं. घड्याळ मागे न्यावं लागलं.
कुठवर?
'चवथीच्या आठ दिवस आधी. त्या वर्षीच्या.'
कुठल्या वर्षीच्या, हे डिचोलीत कुणी विचारत नाही.

यादी आली. ट्रकचा नंबर, रिकामं वजन, भरलेलं, निव्वळ.
माजीकांचा हात माउसकडे गेलाच नाही,
एफ-फोर, एंटर, एंटर, खाली, एंटर,
बोटं स्वतःच्या घरात वावरावीत तशी.
पुंडलीकाच्या खेपा चार हजार तीनशे बारा.
मी पेनड्राइव्हवर घेतल्या. काम तिथे संपलं होतं.

पण शेवटची ओळ लुकलुकत होती.
ट्रक आत. रिकामं वजन आठ हजार नऊशे साठ किलो.
भरलेलं वजन: मोकळी चौकट.
'हाही पुंडलीकच. आत पोचला आणि फोन आला, बंद.
आला तसाच परत. रिकाम्याचं वजन
दोनदा कोण करतो?'

म्हणजे इतकी वर्षं या चौकटीच्या लेखी
तो अजून खाली खाणीत आहे, इंजिन चालू ठेवून.

'भरू काय?'
भरा, म्हटलं. मघाशीच स्नॅपशॉट घेतलाय.
काही बिघडलं तर एका क्लिकवर
सगळं होतं तसं.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं. 'सगळं?'
खिडकीच्या आतलं, मी म्हटलं.

त्यांनी तोच आकडा टाकला. आठ हजार नऊशे साठ.
निव्वळ वजन शून्य.
प्रोग्रॅम कुरकुरला नाही. दिवस बंद केला,
धन्यवाद म्हणाला,
पुढची तारीख काढून काटा शून्यावर आणून बसला.

साखळीची शेवटची बस होती. तीनशे रुपये ठेवले,
पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात, वर बटण.
डिस्क राहिली. वर्तमानपत्र घेऊन गेले,
शब्दकोडं अर्धं होतं म्हणून.

खिडकी बंद करताना यंत्र विचारतं,
आहे तसं जपू, की मागच्या स्नॅपशॉटवर नेऊ?
मी शटर अर्धं ओढून बसलेय.
लॅपटॉपचा पंखा जरा मोठ्याने फिरतोय.
आत आता चवथीला सात दिवस.