बाजूची पट्टी

अक्काताई बस्तवाडे संकेश्वराहून
अकराच्या बसनं आल्या,
मांडीवर स्टीलचा डबा. उघडला तसा
माझा कॉम्प्युटरसुद्धा शिंकला असता.
म्हणाल्या, हे पाकिटात बसवा.
मी म्हटलं, आतलं तुमचं,
मी फक्त बाहेरचं बघतो.
त्या हसल्या नाहीत.

शहापुरात, जिन्याखालच्या खोलीत
वीस वर्षं मी बाहेरचंच बघतोय:
कुंद्याचे खोके, उदबत्तीची नळकांडी,
निपाणीच्या एका जर्द्याची पुडी, जिच्यावरचा मोर
माझ्या मुलीनं रंगवला होता, सहावीत.
शिकलोय ते एवढंच,
गिऱ्हाईक चार पावलांवरून बघतं,
दोन पावलांवर ठरवतं,
आणि एकदा हातात घेतलं की परत ठेवायला लाजतं.
म्हणून कागद जरा खरखरीत घ्यावा.
बोटाला काहीतरी लागावं.

लालचे सात नमुने काढले.
हा लग्नपत्रिकेचा, म्हणाल्या. हा बसचा.
हा कुंकवाचा, खायचा नव्हे.
सातव्यावर नख टेकवलं,
"हा जवळ आला. पण ऊन कमी पडलंय."
शाईत ऊन किती टक्के घालतात
हे कुठल्या छापखान्यात विचारू?
थोडा पिवळा वाढवला.

मग अक्षरं. वर मराठी की वर कन्नड?
या गावात असल्या प्रश्नावर काचा फुटल्यात,
आणि मी अठरा पॉइंटात उत्तर शोधत बसलेला.
आमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
त्यांची परातीत घरंगळलेली;
लाल चटणी, खारद पुडी.
उंची सारखी केली तर एक बारीक दिसे,
रुंदी सारखी केली तर दुसरं दबे.
"माझी नणंद गोकाकात दिली," अक्काताई म्हणाल्या,
"ती कन्नडात भांडती, मी मराठीत.
आवाज दोघींचा सारखाच लागतो. तसं करा की."
फूटपट्टी बाजूला ठेवली. नजरेनं केलं.

स्वतःचा फोटो नको म्हणाल्या.
मग पुढं एक पारदर्शक खिडकी,
वर फाडायची खाच, खाली वजन, तारीख,
मागं वकिली मजकूर.

पहिली शंभर पाकिटं हुक्केरीत
इराप्पा मगदुमांच्या दुकानी.
मी समोरच्या टपरीवर चहा धरून उभा,
चोरासारखा.
इराप्पानं पाकिटं उचलली
आणि फळीवर वह्यांसारखी खोचली,
एकाला एक चिकटून.
खिडकीला खिडकी लागली.
ऊन घातलेला लाल आत, अंधारात.
बाहेर उरली बोटभर बाजूची पट्टी,
जिच्यात मी बारकोड, फोन नंबर
आणि कुठंच न मावलेलं सगळं कोंबलं होतं.
"जागा कुठाय, साहेब?" तो म्हणाला,
"तोंड काय, सगळ्यांनाच दाखवायचं असतंय."

परतीच्या बसमध्ये यमकनमर्डीपर्यंत गप्प होतो.
मग तिकिटाच्या मागं पट्टी आखली.
बोटभर रुंदीत दोन भाषा मावत नाहीत,
एकही धड मावत नाही.
एक मिरची मावली.
उभी, देठासकट, वरून खालपर्यंत.

दुसऱ्या खेपेला इराप्पानं तशीच खोचली,
दहा पाकिटं, दहा मिरच्या,
फळीवर टांगलेली माळ.
एक म्हातारी काठीनं दाखवून म्हणाली,
"ते मिरचीचं दे."
वाचायची तिला गरजच पडली नाही,
कुठल्या भाषेत मागितलं तेही
चहाच्या नादात मला आठवत नाही.

मी अक्काताईंना फोन केला नाही, पाकीट घेऊनच गेलो.
त्यांनी उलटंसुलटं बघितलं,
पट्टीवरनं अंगठा फिरवला,
मान हलवली, बहुतेक होकारार्थी.
मग खाचेत नख घालून ओढलं.
एकदा. दोनदा.
शेवटी दातानं फाडलं,
आणि तोंडातला तुकडा बाजूला थुंकत म्हणाल्या,
"ही खाच कुणी केली ओ?"