सातवी टोपली

कंबर तलावाच्या पलीकडच्या काठावर
सायकलच्या रिंगांना साखळ्या लटकवून
आम्ही केल्या नऊ टोपल्या.
सातवी सगळ्यांत वाईट:
डावीकडे पाणी, उजवीकडे बाभळी,
मध्ये दोन कडुलिंब, आणि त्यांच्यातून
एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढी फट.

मे महिना, सकाळचे साडेसहा.
सात वाजून गेले की सोलापुरात
ऊन बोलत नाही, थेट हात टाकतं.

फाटक्या चादरीची झोळी, तिच्यावर अर्धा मोर,
आत पाच तबकड्या.
अंबण्णा येलदी त्यांना रंगानं नाही, स्वभावानं ओळखतात:
ही हट्टी. ही सरळमार्गी. ही हळवी.

हट्टी म्हणजे निळी, भाच्यानं बेंगळुरूहून आणलेली,
कडेला अजून ओरखडा नाही.
कितीही उजवीकडे कलवून सोडा,
शेवटी मान डावीकडेच टाकणार,
संध्याकाळी गोठा गाठणाऱ्या म्हशीसारखी.
समोरून वारा असला की मी हिच्यावर भिस्त ठेवते.
तो तिला उलथवायला बघतो, ती ऐकत नाही.

हळवी पिवळी. दोन वर्षं झाडांना धडकून
कड बोथट झालेली.
सरळ सोडली तरी उजवीकडे वाहवते,
समोरचा वारा तर तिचं डोकंच फिरवतो.
"नवी होती तवा ही पण हट्टीच होती,"
अंबण्णा सांगतात,
आणि उगाच आपला गुडघा चोळतात.

आज वारा समोरून.
मी निळी काढली. उजव्या बाभळीच्या शेंड्यावर नेम;
फटीत शिरायचंच नाही, वरून जायचं,
तिथून ती डावीकडे ओसरेल,
पाण्याच्या दहा पावलं अलीकडे उतरेल.
तशीच उतरली.
टोपली बरीच लांब राहिली, पण कोरडी.

अंबण्णांनी पिवळी घेतली.
"अहो, वारा समोरून आहे."
"माहीत हाय की."

एकतीस वर्षं त्यांनी मागावरचा धोटा बघितला.
या काठाकडून त्या काठाकडे, सरळ.
वाकडा गेला की धागे तुटले,
मुकादम आला, पगारातून कापले.
बशीत चहा ओतता ओतता एकदा म्हणाले,
"आपल्या हातून कायतरी वळावं बघ.
आणि कुणी ओरडू नये."

त्यांनी बाहेरची कड खाली झुकवली,
खूप खाली, मला वाटलं आता सुटेलच हातातून.
जोर नाही. फक्त मनगट.
तबकडी निघाली डाव्या कुशीवर,
वारा लागला तशी हळूहळू उठून बसली,
आणि फटीत शिरताना
ताटासारखी सपाट.
कडुलिंबाचं एक पान हललं नाही.
मग कलली उजवीकडे. थोडी. अजून थोडी.

आणि बाभळीत गेली.

काटे चुकवत तिला काढायला दहा मिनिटं लागली.
मनगटावर रक्ताची रेघ, कडेवर ताजा चरा.
तो अंगठ्यानं चाचपत, खूश होऊन:
"आता अजून वळंल ही.
पुढच्या बारीला अजून झुकवायची."

मी माझी कोरडी निळी उचलली,
झोळीत टाकली, मग काय वाटलं,
परत काढून बाभळीच्या खोडावर
एकदा मुद्दाम आपटली.

अंबण्णा हसले.
"तसं नसतं हुत, पोरी.
फेकायला लागती."