सात नंबरचं पिंप

रबाळ्याच्या शेडमध्ये, मागच्या भिंतीला टेकून
सात नंबरचं पिंप दिवाळीपासून बंद होतं.
आत मोरचूद. जुनं, उरलेलं, वर ॲसिड.
परवा झाकण काढलं
तर निळ्यावर साय आलेली.
राखाडी, मधेच हिरवट,
कडेला लोकरीसारखी.

बावीस वर्षं मी तांब्याचा मुलामा देतोय
कड्यांना, बिजागऱ्यांना, नळाच्या तोट्यांना,
एकदा कुणाच्या तरी देव्हाऱ्यातल्या घंटेला.
या पाण्यानं माझे किती बूट खाल्ले.
आणि यात कुणी घर केलं?

छेडाशेठ लांबूनच म्हणाले, फेका.
फेकायचं कुठे?
नाल्यात ओतलं की खाडी,
खाडीत निवट्या,
निवट्या रविवारी आमच्याच ताटात.
मी लोणच्याच्या बरणीत थोडं भरलं
आणि वाशीला कॉलेजात गेलो.
तिथल्या निखत काझी मॅडम बुरशीवरच जगतात,
असं त्यांचा शिपाई म्हणाला.

मॅडमनी बरणी उजेडाकडे धरली,
काचपट्टीवर थेंब घेतला, बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, ही तांब्याला घाबरत नाही, पण
त्याला मोकळंही सोडत नाही.
थोडं भिंतीवरच अडवते,
दारात चपला काढायला लावाव्यात तसं.
थोडं आलं तसं बाहेर ढकलते.
आत शिरलंच, तर गंधकाचे चिमटे लावते त्याला
आणि पेशीच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवते.
वर एक आम्लही सोडते,
तांबं त्यात अडकून खडा होतो,
खडा झाला की गप्प बसतो.
कुठलं आम्ल, मी विचारलं.
अळूनं घसा खाजतो ना, तेच.

मी हसलो.
मग काशिनाथ आठवला, आणि हसू राहिलं.

काशिनाथ भोईर. मला हे काम शिकवणारा.
बाथमध्ये करंगळी बुडवून जिभेला लावायचा,
थुंकायचा, म्हणायचा,
"आज पानी फिकं हाय, दोन मूठ टाक."
मीटर यायच्या आधीची गोष्ट. मीटर आल्यावरही
तो आधी जिभेला विचारायचा.
त्याची नखं निळसर होती,
आणि घामानं गळ्यातलं चांदीचं पदक काळं पडायचं.
त्याच्या कागदावर डॉक्टरनं वेगळंच काही लिहिलं.
मी ते वाचलं नाही, त्याच्या पोरीनं वाचून दाखवलं,
आणि पुन्हा घडी घातली.

माणसाला अशी खोली असते का हो, मॅडम?
असते, म्हणाल्या, यकृतात थोडी जागा असते.
पण भाडेकरू वाढले की...
पुढचं त्यांनी गिळलं.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली,
मी मागितली नव्हती.
ही बुरशी मेली तरी तांबं धरून ठेवते.
वाळवा, कुटा, पाण्यात टाका,
मेलेली भिंतही पकडते.

शेठना हेच सांगितलं.
ते लगेच खुर्चीत पुढे सरकले :
किलोला काय भाव?
सांडपाण्याचं बिल किती कमी होईल?
मी म्हटलं, विचारून सांगतो.
माझं लक्ष खुंटीवर होतं.
तिथं काशिनाथचा रबरी एप्रन अजून लटकतोय,
छातीशी निळा डाग घेऊन.
चार वेळा धुतला आम्ही. साबणानं, राखेनं,
एकदा चिंचेनं, तांब्याची भांडी घासतात तसा.
जात नाही.

बरणी आता रेक्टिफायरजवळच्या फळीवर ठेवलीय.
झाकण सैल, मॅडमनी सांगितलं म्हणून.
दुपारच्या चहाला पोरं तिच्यात डोकावतात,
एक जण "राम राम" पण घालतो.

घरी आज अळूचं फतफतं होतं.
दुसऱ्या घासाला घसा खाजला.
बायको म्हणाली, चिंच कमी पडली वाटतं,
थांबा, कोळ घालते.
मी म्हटलं, राहू दे.
आणि भाताबरोबर
सगळं संपवलं.