मिशीएवढी जागा

हर्णै बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो मी,
एकवीस वर्षं.
खोकला ऐकून सांगतो, नोझल गेलंय की पंप.
जन्म बौद्धवाडीतला. त्रिशरण
आई म्हणायच्याही आधी शिकलो असेन;
पाली तोंडात होतीच, पेजेसारखी,
चव कधी विचारली नाही.
विहारात गेलो ते बारशाला, लग्नाला,
मंडळाच्या हिशेबावरून भांडायला.
नुसतं बसायला कधी नाही.

ह्या पौषात गेलो.
शिकवणारी सुगंधाताई येलवे,
आरोग्य केंद्रातली नर्स, आता रिटायर,
अर्ध्या तालुक्याची नाडी तिच्या बोटांखालून गेलेली.
प्लास्टिकच्या चटईवर आम्ही सहा जण.
तिनं मला मिशी दाखवली. म्हणजे माझीच.
"हितं. नाकाच्या खाली, ओठाच्या वर. एवढीच जागा.
हितं वारा लागतो, तो बघायचा."
"मोजू?"
"मोजू नको. मोजायचं काम मी पस्तीस वर्षं केलं.
आला तर आला, गेला तर गेला."

एक श्वास आला.
दुसऱ्याच्या आधी 'गजलक्ष्मी'चा गिअरबॉक्स आला,
मग तिच्या मालकाकडचे थकलेले साडेचार हजार,
मग मालक स्वतः,
मग त्याला घालायची शिवी,
काना-मात्रेसकट पाठ केलेली.
पाय मेला. मुंग्या कमरेपर्यंत.
समोर बुद्धाचे डोळे मिटलेले,
शेजारच्या तसबिरीत बाबासाहेबांचे उघडे, चष्म्याआडून रोखलेले,
आणि मी दोघांच्या मध्ये, एक डोळा किलकिला करून
घड्याळ बघत.
चार मिनिटं झाली होती.

पाणातिपाता वेरमणी.
किती वेळा म्हटलं असेल हे,
खाली बंदरात लिलावाचा ओरडा चालू असताना.
ह्या वेळी ताईनं अर्थ सांगितला आणि
हातातला पाना जड झाला.
मी इंजिन चालू करतो, इंजिन जाळं ओढतं,
जाळं काय ओढतं ते हर्णैत कुणाला सांगायला नको.
तिच्या घरी जाऊन विचारलं.
पडवीत बसून ती बांगड्यांना मीठ चोळत होती.
हात चालू राहिले तिचे. मग थांबले.
"मला नाय माहीत," म्हणाली. "मीपण हितंच अडकलेय.
तू बस. उत्तर आलं तर मलाही सांग."
जाताना चार बांगडे दिले कागदात बांधून.
मी घेतले.

फाल्गुनात 'गजलक्ष्मी' ट्रायलला काढली.
सुवर्णदुर्ग मागे टाकला आणि इंजिन बसलं.
डिझेलमध्ये पाणी.
तांडेल हिराजी पावसे कपाळाला हात लावून,
मोबाइलला रेंज नाही,
बोटीच्या पोटाखाली लाटांचं चप्‌ चप्‌,
वर एक घार.
फिल्टर खोलून ठेवला. पाणी खाली बसेपर्यंत
काही करता येत नाही.
मी मांडीबिंडी घातली नव्हती.
ग्रीसच्या हातांनी कठडा धरून उभा होतो.
एक श्वास आला, मिशीवर मीठ ठेवून गेला.
दुसरा आला, गेला.
तिसराही. मध्ये कुणी नव्हतं,
मालक नाही, साडेचार हजार नाहीत.
चौथ्याला मी स्वतःला शाबासकी दिली
आणि संपलं.
"झोपलास काय रे?" हिराजी ओरडला.

रविवारी लवकर गेलो विहारात.
ताई चटया झटकत होती.
"जमलं," मी म्हटलं. "तीन."
तिनं चटई खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं.
"मेल्या, मोजलेस?"