निदान

शनिवारी दोन ते पाच, शाळेच्या तळघरात,
बॉयलरशेजारच्या खोलीत आम्ही निवडुंग तपासतो.
ओलोमौत्सचे लोक कुंड्या घेऊन येतात
वर्तमानपत्रात गुंडाळून,
झुंबर उतरवावं तसे पायरीपायरीला थांबत.

माझ्याकडे भिंग आहे, स्पिरिटची बाटली,
दातांच्या डॉक्टरने टाकून दिलेली वाकडी सळई,
आणि सत्तावीस वर्षांचा
न ऐकण्याचा सराव.
"पाणी अगदी बेताचं घालते हो."
मी कुंडी उचलून बघते. भिजलेल्या विटेएवढी जड.

काट्यांच्या बुडाशी कापसाचा कण: पिठ्या ढेकूण.
स्पिरिटचा बोळा, आठ दिवसांनी पुन्हा, पुन्हा आठ दिवसांनी.
शेंड्यावर गंजक्या बोटांनी चाचपल्यासारखी झाक,
आणि भिंगाखाली एक ठिपका चालायला लागला
की लाल कोळी.
खाली खोडाला खरखरीत तपकिरी साल आली असेल
तर काही नाही, वय झालंय. घरी न्या.
दाबल्यावर बोट आत गेलं
तर मी आधी चहा ठेवते,
मग सांगते.

मार्चमध्ये व्हेंदेलीन हुडेच आला.
ट्रामच्या कारखान्यात वेल्डर होता, आता घरीच.
छातीएवढा उंच निळसर खांब,
स्कीच्या काठीला तीन ठिकाणी बांधलेला.
"कुठेतरी कीड आहे," म्हणाला. "शोधा."

शोधली. कण्याकण्याने, खाचेखाचेने.
कुंडीतून उपसून मुळं पाहिली, पांढरी, निरोगी.
फक्त मध्येच एका जागी
खांब अंगठ्याएवढा बारीक झालेला
आणि वर पुन्हा जाडजूड,
जसं कुणी बोलता बोलता आवंढा गिळावा
आणि पुढे बोलत राहावं.

एका उन्हाळ्याला साधारण एक वीत.
मी शेंड्यापासून खाली विती टाकत आले.
एक, दोन, तीन, चार.
"चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात हा कुठे होता?"

तो टोपीची कड फिरवत राहिला.
एरवी थंडीत जिन्यातल्या खिडकीत असायचा.
त्या वर्षी स्वातावाला जिना उतरवेना,
म्हणून तिच्या खोलीत आणला, रेडिएटरजवळ,
उशीवरून दिसेल असा.
ती रोज पाणी घालायची त्याला.
चमच्याने.

मी नेहमीचं सांगितलं.
हिवाळ्यात त्याला गारठा हवा, कोरडेपणा हवा,
आपण थोडं विसरायला हवं त्याला.
उजेड नसताना दिलेलं अंगी लागत नाही,
नुसती उंची वाढते.
उपाय एकच: मानेशी कापा,
वरचा तुकडा महिनाभर सावलीत वाळवा, मग लावा.
खालच्या बुंध्याला नवे कोंब फुटतील,
एकाचे दोन होतील.

"आणि ही काठी?" त्याने विचारलं.
काठी चालत नाही. नवीन येणाऱ्यांना
पहिल्याच दिवशी आम्ही हे शिकवतो.
"चालेल," मी म्हणाले.
"गाठी तेवढ्या सैल करा, काचतायत."

वहीत लिहिलं: कीड नाही.
उपायाच्या रकान्यात: काठी.

रात्री घरी, का कोण जाणे,
माझा सर्वांत जुना खांब कुंडीतून काढला.
वरून हिरवागार, गेल्या जूनमध्ये फुललेला.
मुळांवर पीठ सांडलेलं.
कुंडीच्या आतल्या कडेलाही पांढरे पट्टे,
एकदोन महिन्यांचे नव्हेत.

अकरा वाजेपर्यंत बाथटबमध्ये
कोमट पाण्याखाली मुळं धुतली,
जुना टूथब्रश, मग बोटं.
काटे टोचले तेव्हा मी माफी मागितली,
कुणाची ते नक्की सांगता येणार नाही.

आता तो वर्तमानपत्रावर आडवा वाळतोय,
आणि मी विचार करतेय
शनिवारी कुणासमोर जाऊन म्हणू
की पाणी अगदी बेताचं घालते हो.