शेवटचं पेर

ला कोरुन्यातलं बंदरासमोरचं हॉटेल, खोली चारशे बारा.
साबेला गादीखाली चादर खोचत होती,
दिवसातली अठ्ठाविसावी,
तेव्हा मधल्या बोटाचं टोक अडलं
आणि हात पुढे गेला.

आवाज नाही, रक्त नाही, दुखलंही बेताचंच.
फक्त शेवटचं पेर मान टाकून बसलं.
तिने ते दुसऱ्या हाताने उचललं. सोडलं. पुन्हा खाली.
मग उशीला अभ्रा घातला,
कारण चारशे तेरा अजून बाकी होती.

इरियाने बॉलपेन घेतलं
आणि सरळ तिच्या हातावरच रेघा ओढल्या:
बोटात स्नायू नसतोच, बाई. ताकद सगळी इथे, कोपराखाली.
तिथून या कंडरा निघतात,
मनगटावरच्या पट्ट्याखालून सरपटत येतात.
मूठ उघड. दिसल्या?
बोटात शिरल्यावर एकीच्या तिघी होतात.
एक मधल्या सांध्याशीच थांबते,
दोघी कडेकडेने पुढे जातात
आणि नखामागे पुन्हा एक होतात,
कांद्याच्या पापुद्र्यासारख्या.
तुझं तिथे तुटलंय.

मधली तुटली असती
तर मधला सांधा वाकला असता, टोक आभाळाकडे.
गेल्या महिन्यात आला होता एकजण,
शिंपले उघडताना सुरी घसरलेला.
आणि रविवारी सकाळी येतात ते,
मुठीवर दुसऱ्याच्या दातांची खूण,
म्हणतात, दारात सापडला हात.

आठ आठवडे ही पट्टी. झोपेतसुद्धा.
धुताना बोट टेबलावर टेकलेलं हवं.
एकदा जरी खाली पडलं
तर पहिले पाढे पंचावन्न.

म्हातारा बाप हसला. जन्मभर बंदरात क्रेन चालवलेली:
दोर तुटला तर नवा घालायचा,
हे थांबणं कसलं?

मासळीवाल्याने दिलेल्या कॅलेंडरवर
एक्केचाळीस फुल्या झाल्या.
त्या रात्री पट्टी ओली होती, खिडकीत वाळत;
बोट ओट्यावर, शहाण्यासारखं सरळ.
पलीकडे बाप खोकला.
पांघरूण जमिनीवर.
ती धावली, उचललं, अंगावर घातलं,
आणि कडा गादीखाली खोचल्या,
घट्ट, चारी बाजूंनी,
हॉटेलात खोचतात तशा.

सोमवारी इरियाने पट्टी सोडली नाही,
नुसतं विचारलं, किती दिवस झाले?

साबेला खिडकीबाहेर बघत म्हणाली,
दोन.