उत्तर

मी विमान उडवत नाही, मी ते उघडते.
चिलोए बेटावर, पत्र्याच्या हँगरमध्ये,
तेवीस वर्षं एवारिस्तोचं सेस्ना सांभाळते आहे.
एवारिस्तोला सांभाळणं कुणालाच जमलेलं नाही.

त्याच्या लेकीनं, यास्नानं,
पुंता अरेनासहून टॉर्च पाठवला:
पारदर्शक नळी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं,
त्यातून खडखड धावणारा चुंबकाचा गट्टू.
खोक्यावर लिहिलेलं, सेल नकोत, फक्त हलवा,
जन्मभर पुरेल.
कुणाच्या जन्मभर, ते लिहिलं नव्हतं.

त्यानं तो काचेजवळ दोरीनं टांगला,
लेकीचा फोटो टांगावा तसा,
होकायंत्रापासून वीतभर.
मी पाहिलं होतं. बोलले नाही.
तेवढं इथे लिहून ठेवते.

मे महिना, मेलिंकाहून परतीची खेप.
मागे दोन पेट्या मासळी,
शेजारी मास्तरीणबाई, दोन्या नोल्फा,
दुखऱ्या दाढेवर लोकरीचा स्कार्फ आवळून.
समुद्रावर अंधार उतरला आणि अल्टरनेटर गेला.
एकेक तबकडी विझत गेली,
जसं गाव झोपतं, टोकाच्या घरापासून.

मग त्यानं टॉर्च हलवला.
एक हात सुकाणूवर, दुसरा त्या खुळखुळ्यावर.
खडखड, खडखड,
आणि पाणी घातलेल्या दुधासारखा उजेड.
उंचीचा काटा दिसला. वेगाचा अर्धा.
हात थांबला की उजेडही दमायचा,
हात हलला की विमान डुलायचं,
आणि होकायंत्राची ती तरंगती चकती
मान वळवून त्याच्या मुठीकडे बघायची.
मूठ जिकडे, उत्तर तिकडे.
तो मुकाट तिच्यामागे चालला होता.

"केयोनचे दिवे समोर हवेत ना?"
नोल्फाबाई दाढेआडून म्हणाल्या.
"ते तर माझ्या बाजूला दिसतायत."

एवारिस्तो शिवी देतो तेव्हा आधी देवाची माफी मागतो.
त्यानं माफी मागितली.
टॉर्च मागे भिरकावला, शेपटीकडे, मासळीच्या पलीकडे.
चकती डोलली, अजून डोलली,
मग ओशाळल्यासारखी जागेवर आली.

बाईंच्या पर्समध्ये इवलासा टॉर्च होता,
दोन सेलचा, झाकणाला रबरबँड.
वीज गेली की त्या उजेडात त्या वह्या तपासत.
उरलेली चौदा मिनिटं
त्यांनी हात हलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर होकायंत्र ठेवलं.
टॉर्च हातभर दूर: शांत.
वीतभर: तीस अंश खोटं.
मग बाजारातून तसाच आणखी एक आणला,
निम्म्या किमतीचा, आणि करवतीनं कापला.
बुडाशी डिंकानं चिकटवलेले दोन बटण-सेल.
वेटोळ्याची तार कुठेच जोडलेली नव्हती.
गट्टू म्हणजे रंगवलेलं प्लास्टिक, नुसतं खडखडायला.
होकायंत्रानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हणजे प्रामाणिक होता त्यानं वाट चुकवली,
आणि लबाडानं ती चुकवली नसती;
तो फक्त एका रात्री न सांगता मेला असता,
मग हलवा, नाहीतर आपटा.
यावर मी बराच वेळ बसून राहिले.
कॉफी गार झाली.

रविवारी यास्नाचा फोन आला हँगरवर.
"बाबांचा टॉर्च चालतो ना, एदेल्मिरा?"
पंखाखालून एवारिस्तो मला हात जोडत होता.
टॉर्च त्याच्या स्वयंपाकघरात आहे, चुलीवरच्या खिळ्याला,
तिथे कुणाला दिशा लागत नाही.
"चालतो," मी म्हटलं.
उत्तर बरोबर होतं. हललं नव्हतं.

सोमवारी नवे सेल आणले.
दोन विमानात, दोन माझ्या खिशात,
प्रत्येकावर पेननं तारीख.
अल्टरनेटरचा पट्टाही बदलला. तो मीच
मार्चमध्ये बदलायला हवा होता.